तात्यांची लायब्ररी

सोनमनं कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. तिनं आपलं काम केलं, तेही चोख केलं, आणि त्यातच एका माणसाची भाकरी गेली.

बारामती एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत ती प्रोग्रॅम लिहायची. गावोगावच्या दूध संकलन केंद्रावर काट्याशेजारी एक डबा असतो बघा, दुधाचं वजन आणि फॅट टिपून घेणारा, तो या कंपनीचा. म्हणायचा डबा, पण आत अख्खा कॉम्प्युटर. त्यातला प्रोग्रॅम मुळात दादासोंनी लिहिलेला. दादासो पिंपळीचे, पन्नाशी उलटलेली, चष्मा कपाळावर आणि तोंडात कायम कुरकुर. कंपनीत सगळे त्यांना तात्या म्हणायचे. सोनमला काम त्यांनीच शिकवलं. शिव्या घालून शिकवलं, पण हातचं राखून नाही.

तर झालं असं, सुप्याकडच्या केंद्रांवर नवे डबे बसवले आणि प्रोग्रॅम सुरूच होईना. एक लायब्ररी सापडत नाही म्हणून अडून बसला. लायब्ररी म्हणजे कुणीतरी आधीच करून ठेवलेलं तयार काम. प्रोग्रॅम बांधताना ती जोडून घ्यायची, आणि एकदा जोडली की सुरू होताना तो ती मागणारच. आता गंमत ऐका! अडली होती ती छपाईची लायब्ररी, आणि पावती छापणं कंपनीनं कधीच बंद केलं होतं. सोनमनं खोलात जाऊन पाहिलं तर असल्या बिनकामाच्या लायब्रऱ्यांचा ढीग. मागं एकदा तिनं हा विषय काढला होता, तेव्हा तात्या म्हणाले होते, "असू दे की गं. काय खायला मागत्यात का त्या?"

आताही तात्यांना विचारायला हवं होतं. पण ते रजेवर होते. पिंपळीत त्यांच्या उसाला तोड आली होती, आणि टोळी फडात शिरल्यावर मालक फोन कशाला उचलतोय! सोनमनं एकदा-दोनदा लावून पाहिला. उचलला नाही तेव्हा, खरं सांगायचं तर, तिला बरंच वाटलं. कुरकुर वाचली.

प्रोग्रॅमची जोडणी करणाऱ्या लिंकरला तिनं बजावलं, प्रोग्रॅम जिला नावानं हाक मारत नाही ती लायब्ररी गाळून टाक. लिंकर हुकमाचा ताबेदार, त्यानं भराभर गाळल्या. ऑफिसात दिवसभर प्रोग्रॅम चालवून पाहिला, कुठं खोट नाही. सुप्याचे डबे सुरू झाले.

मालक विजयसिंह सर खूश. तिच्या खुर्चीमागं उभं राहून त्यांनी विचारलं, "गळालेल्यांत आपल्या कंपनीची कुठली?"

"एकच, सर. तात्यांनी लिहिलेली."

"आणि ती वापरात नव्हती?"

"प्रोग्रॅम तिला कुठंच हाक मारत नाही, सर."

"म्हणजे इतकी वर्षं नुसती बसून होती," सर म्हणाले. मग हसले. "लायब्ररी खायला मागत नाही, सोनम. माणूस मागतो."

सोनम खुर्चीतून उठली. "तात्यांना एकदा विचारते, सर," ती कशीबशी म्हणाली, पण सर तोवर केबिनकडं वळले होते.

तात्या ऊस घालवून परतले ते हातांवर पाचटाचे ओरखडे घेऊन. त्याच दिवशी त्यांच्या हातात पत्र पडलं. नव्या रचनेत तुमची गरज उरलेली नाही, एवढंच. या वयात एमआयडीसीत नव्यानं कोण दारात उभं करतंय? तात्या भांडले नाहीत. जेवणाचा डबा पिशवीत घातला आणि जाताजाता सोनमच्या टेबलापाशी थांबले.

"माझं समदं नीट चाललंय न्हवं गं?"

सोनमनं स्क्रीनवरची नजर काढली नाही. "व्हय, तात्या."

"मग झालं," म्हणाले, आणि खाली जाऊन मोटरसायकलला किक मारली.

पाडव्यापर्यंत नवा प्रोग्रॅम सगळ्या केंद्रांवर गेला. ऊन तापलं आणि लाईटचे खेळ सुरू झाले. सोनमचं घर इंदापूरच्या बाजूला. आजोबांच्या काळी मेंढरं होती, आता थोडं रान आणि गाई. एका संध्याकाळी तिची आई धोंडाबाई केंद्रावरून आली आणि रिकामी किटली तिनं ओट्यावर आदळली.

"त्या तुझ्या मशिनीला आग लागली! माझं दूध टाकीत ओतलं आन लाईट गेली. लाईट आल्यावर मशीन म्हणतंय, दूध आलंच न्हाय. मागं कदी असं झालं न्हाय, लाईट गेली तरी आकडा ऱ्हायचा. ते केंद्रावालं मला म्हणालं, मावशी, खोटं बोलू नगा. समद्या बायांदेखत म्हणालं!" बोलता बोलता तिनं पदर डोळ्यांना लावला.

सोनमनं लॅपटॉप उघडला आणि तात्यांची लायब्ररी पहिल्यांदा नीट वाचली. तिला कुणी हाक मारायची गरजच नव्हती. प्रोग्रॅमबरोबर ती नुसती आत आली की दबा धरून बसायची, आणि डब्यातल्या बॅटरीनं लाईट गेल्याचा इशारा दिला की हातातली नोंद जपून ठेवायची. बस, एवढंच तिचं काम. ऑफिसात इन्व्हर्टर. तिथं लाईट जाते कधी, म्हणजे कळावं?

तिनं तात्यांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्या दिवशीचं 'व्हय तात्या' खोटं होतं, तेही.

तात्या म्हणाले, "लाईट जाताना हाक मारायला वेळ कुठं असतोय, म्हणून तसं केलं हुतं. चूक माझी बी हाय. कुठं लिहून ठेवलं न्हाय. आता असं कर, गाळायचा हुकूम तिच्या नावाच्या आधी बंद कर आन नावानंतर परत लाव. लिंकर तेवढीला सोडंल."

"तात्या, रागवा की वो मला."

"रागवून काय करू? आईला सांग, तुझं खरं हाय म्हणावं."

सकाळी ऑफिसात तिनं तसंच केलं. दूध ओतल्याची नोंद चालू असताना डब्याची वायर उपटली, पुन्हा लावली. नोंद जागेवर होती. ती तडक केबिनमध्ये गेली.

"सर, तात्यांची लायब्ररी लागत होती. न विचारता मी काढली, चूक माझी. तात्यांना परत बोलवा."

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आता चालतंय?"

"चालतंय. तात्यांनीच फोनवर सांगितलं."

"पैसे वगैरे मागितले?"

"नाही, सर. लगेच सांगितलं."

"मग झालं की!" सर मनापासून म्हणाले. "फोनवर काम होतंय, तर बोलवायचं कशाला?"

सोनम बाहेर आली. कानशिलं तापली होती. आपण तात्यांना फोन केला नसता तर बरं झालं असतं, असंही वाटून गेलं, आणि लगेच केंद्रावर खाली मान घालून उभी असलेली आई डोळ्यांपुढं आली. खुर्चीत बसते न बसते तोच फोन वाजला. तात्या होते.

"झालं का गं नीट?"

"व्हय, तात्या." या वेळी ते खरं होतं.

तात्या घुटमळले. मग आवाज जरा उगाचच मोकळा करून त्यांनी विचारलं, "आन सायेब काय म्हणले?"