गरम चेंबरची तपासणी

दशरथ घाडी अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या संशोधन विभागात बावीस वर्षं टेक्निशियन होता. राहायला घाटकोपरला, गाव मालवणकडचं. विभागात स्टीलचं एक मोठं चेंबर होतं, कपाटाएवढं. त्यातली हवा पंपाने काढून टाकायची, मग थोडासा आर्गॉन वायू सोडायचा आणि आत टांगलेल्या वस्तूंवर धातूचा पातळ थर चढवायचा, हे तिथलं काम. सगळी मेख प्रेशरमध्ये होती. आत वायू जास्त झाला तर धातूचे कण वाटेत धडका खात दमून पोचतात आणि थर भुसभुशीत बसतो. फार कमी झाला तर कण इतक्या जोरात आदळतात की थर ताणून तडकतो. मधलं नेमकं प्रेशर शोधायचं, त्याचंच संशोधन.

गेल्या वर्षी जूनमध्ये हे काम क्लॅरिस परेराकडे आलं. वय एकोणतीस, नुकतीच पीएचडी झालेली, बोरिवलीच्या आयसी कॉलनीत राहणारी. हाडात भोक पाडायचे ड्रिल असतात, ऑपरेशनचे, त्यांच्यावर टिकाऊ थर चढवायचा होता. हॉस्पिटलात ते ड्रिल पुन्हा पुन्हा वाफेत उकडतात, म्हणून शंभर वेळा वाफ दिल्यावरही थर सुटता कामा नये, ही अट.

मुलगी कामाला वाघ होती. डबा खाताना एका हाताने टाइप करायची. दशरथला ती आवडायची. त्याने तिला पंप उघडून दाखवला, कुठला व्हॉल्व्ह अडकतो, पंपाचं तेल कधी बदलायचं ते सांगितलं. त्याची एक जुनी सवय होती. रन, म्हणजे थर चढवायची एक फेरी, संपला की चेंबर गरम असतानाच पंपाचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि दहा मिनिटांत आतलं प्रेशर किती चढतं ते वहीत लिहायचं. चढलं, तर कुठून तरी हवा शिरतेय. या तपासणीत आणि नंतरच्या आवराआवरीत तास-दीड तास जायचा. क्लॅरिसला दिवसाला दोन रन हवे होते, म्हणून जुलैत तिने ती बंद केली.

त्याच आठवड्यात बाहेरचे तीन डॉक्टर विभाग बघायला आले होते. त्यांच्यासमोर दशरथ म्हणाला, "मॅडम, ती गरम तपासणी चुकवू नका."

क्लॅरिस हसून म्हणाली, "काका, तुम्ही तेलाचं बघा. प्रेशरचं मी बघते."

डॉक्टरही हसले. दशरथने फडक्याने हात पुसले आणि तो पंपाकडे गेला. बावीस वर्षांत त्याला कोणी असं चारचौघांत बोललं नव्हतं.

गणपतीला तो गावी गेला. परत आला त्या पहिल्याच दिवशी, रन संपल्यावर, त्याला ते ऐकू आलं. वायू बंद केला की पंपाचा आवाज मिनिटभरात कोरडा होतो, टक टक टक. त्या दिवशी तो गुळगुळत राहिला, चूळ भरल्यासारखा. चेंबर गार व्हायला लागलं तसा हळूहळू कोरडा झाला. दशरथला कळलं. दाराचं रबर कुठेतरी चिरलंय, तापलं की उघडतंय, गार झालं की मिटतंय.

क्लॅरिसच्या स्क्रीनवर हे दिसणार नव्हतं. सकाळी गार चेंबरचा आकडा चोख यायचा. रन चालू असताना मशीन प्रेशर आपोआप सांभाळायचं. बाहेरची हवा शिरली की तेवढा आर्गॉन कमी सोडायचं. आकडा पाच मिलिटॉर हवा, तर पाचच. आकडा बरोबर होता, पण आत नुसता आर्गॉन नव्हता. हवेतला ऑक्सिजन थरात मिसळून त्याची पकड घालवत होता.

दशरथने सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी वाटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी वाटलं, विचारलं तर सांगू. मग दिवस गेले तसं सांगणंच अवघड झालं, कारण आता इतके दिवस गप्प का होतात, हाही प्रश्न आला असता.

वाफेच्या चाचण्या सुरू झाल्या आणि थर सुटायला लागले. वीस वाफांना, पंधरा वाफांना. क्लॅरिसने प्रेशर तीन केलं, चार, सहा, आठ केलं. तापमान बदललं. ड्रिल धुवायची पद्धत बदलली. ती वाळत चालली होती. नोव्हेंबरमध्ये एका दुपारी ती चहाचा कप घेऊन आली आणि पंपाशेजारच्या लाकडी खोक्यावर बसली.

"काका, खरं सांगा. तुम्हाला काय वाटतं, काय चुकतंय?"

रन नुकताच संपला होता, वायू बंद होता, तरी पंप गुळगुळतच होता. तिच्या पायापासून हातभरावर.

"मला काय कळतंय मॅडम," दशरथ म्हणाला. "मी तेलाचं बघतो."

तिने मान हलवली. त्या बोलण्यातली खोच तिला कळली नाही. चहा संपवून ती उठून गेली.

डिसेंबरअखेर तिने रिपोर्ट दिला, की हा थर कुठल्याच प्रेशरला टिकत नाही. कंपनीने काम बंद केलं. क्लॅरिसने राजीनामा दिला. जाताना तिने सगळ्यांना केक वाटला. दशरथलाही दिला.

जानेवारीत वार्षिक सर्व्हिसिंग होतं. दशरथने दाराचं रबर काढलं. खालच्या बाजूला, हीटरजवळ, अर्ध्या बोटाएवढी चीर होती. त्याने नवं रबर बसवलं. मग विभागप्रमुख चंद्रप्रकाश सरांना विचारून उरलेले तीन ड्रिल आत टांगले, पाच मिलिटॉरवर, क्लॅरिसच्याच सेटिंगने. थर चढला तो लख्ख सोनेरी. त्याने ते ड्रिल शंभर वेळा वाफेत घातले. तिन्हींवर एक पापुद्रा सुटला नाही.

सरांनी ते भिंगाखाली बघितले. "वा दशरथ! तू होतास म्हणून सापडलं. पण उशीर झाला रे. हेड ऑफिसने बाहेरून माल घ्यायचं ठरवलंय."

ती शाबासकी घेऊन तो घरी आला आणि जेवला नाही. बायकोने, शकुने, दोनदा विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं. गणपतीपासूनचं.

शकु म्हणाली, "त्या पोरीन तुमका इचारल्यान, तरी तुमी गप ऱ्हवलात?"

"हो."

"मगे माका कित्याक सांगतास? तिका जावन सांगा."

रविवारी तो आयसी कॉलनीत गेला. क्लॅरिस बारावीच्या क्लासला फिजिक्स शिकवत होती आता. दारात त्याला बघून तिला आनंदच झाला. "काका! या ना, बसा." तिने पाणी दिलं. त्याने तिन्ही ड्रिल तिच्या हातात ठेवले आणि रबराचं सांगितलं.

ती ड्रिल उजेडात फिरवून बघत राहिली. डोळे भरून आले तिचे. "म्हणजे पाच बरोबर होतं. मला पहिल्यापासून वाटत होतं, पाचच."

इथेच थांबलो असतो तर, असं दशरथला नंतर कितीदा वाटलं. पण तो म्हणाला, "मॅडम, मला ते माहीत होतं. गणपतीपासून. पंपाच्या आवाजावरून."

तिने ड्रिल खाली ठेवले. "मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही डॉक्टरांसमोर म्हणालात, काका तुम्ही तेलाचं बघा. ते लागलं मला."

क्लॅरिसने आठवून बघितलं. खरंच आठवून बघितलं, त्याला ते दिसत होतं. "असं म्हणाले मी? मला आठवतच नाहीये काका. म्हणाले असेन. सॉरी." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण मी तुम्हाला विचारलं होतं ना? तिथे खोक्यावर बसून. ते आठवतं मला."

दशरथने हात जोडले.

"नको, हात नका जोडू," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "माझा क्लास आहे आता."

दुसऱ्या दिवशी त्याने चंद्रप्रकाश सरांनाही खरं सांगितलं. सर इतकंच म्हणाले, "लिहून दे." त्याने मराठीत दीड पान लिहून सही केली. ते रिपोर्टला जोडलं गेलं, आणि क्लॅरिसचे आकडे बरोबर होते अशी दुरुस्ती निघाली. सरांनी तिला परत बोलावलं. तिने कळवलं, मुलांची परीक्षा तोंडावर आहे, आणि तसंही तिकडे आता नको वाटतं.

दशरथच्या नोकरीची दोन वर्षं उरली आहेत. विभागात त्याला कोणी काही बोललं नाही. फक्त सर आता त्याला एकट्याला रन लावू देत नाहीत, आणि तोही कारण विचारत नाही.