चहाडखोर वेल

त्या सकाळी बाबा नेहमीसारखेच आधी द्राक्षबागेच्या कोपऱ्यातल्या वेलीपाशी गेले. बाकी वेलींवर फवारणी व्हायची, या एकीला औषधाचा थेंबही मिळत नसे. जातीनेच नाजूक. केवडा रोग बागेत शिरला की पहिला डाग हिच्या पानावर. म्हणून बाबा तिला चहाडखोर म्हणायचे.

"काय बाई, काय बातमी?" त्यांनी पान उलटून पाहिलं. "आज गप्प आहे."

"म्हणजे फवारायचं नाही?"

"ताप नसताना गोळी घेतेस का?" मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चांगली नोकरी सोडलीस. म्हाताऱ्याची दया आली नि बसलीस पानं उलटत."

"चहा गार होतोय, बाबा."

हा विषय निघाला की मी असंच काहीतरी म्हणायचे.

दुपारी जेवून ते आडवे झाले ते उठलेच नाहीत.

पाहुणे पांगले, आत्या तेवढी राहिली. बाग विकून नोकरीवर परत जा, असं ती अधूनमधून सुचवायची. मी भांडी आवरत राहायचे.

मग आभाळ दाटलं. पानं दुपारपर्यंत ओलीच. एका सकाळी चहाडखोर वेलीवर पिवळसर, तेलकट डाग दिसला. पानाखाली पांढरी लव. पान न हलवता पिशवीत धरून खुडलं, पिशवीचं तोंड बांधलं. हलवलं की बुरशी उडते. त्याच दिवशी सगळ्या बागेत फवारणी केली, पानांच्या खालूनसुद्धा. दुसऱ्या दिवशी दाट फुटवे काढायला बसले.

"अगं, हिरवंगार आहे की! कापतेस कशाला?" आत्या म्हणाली.

"आत वारा खेळायला हवा. कोंदटलं की बुरशी माजते."

"झालं! भाऊ गेला, पण त्याची शिकवणी काही सुटली नाही माझी."

दोघी हसलो. घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं.

रोग पसरला नाही. घडांत रस भरू लागला, तशी आत्याने बॅग भरली.

"मग? तू कधी निघतेस?"

"मी नाही जात, आत्या."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि दोन घड मागितले, पिकल्यावर पाठवायच्या बोलीवर.

ती गेल्यावर मी कोपऱ्यात गेले. पानं उलटून पाहिली, स्वच्छ होती. चहाडखोरच ती, हिच्या पोटात काही राहत नाही. म्हणून तिच्यासमोरच, मोठ्याने म्हणाले,

"बाबा, दया नव्हती आली मला. मला हे काम आवडतं. मी माझ्यासाठी आले होते."