वरीची पेज

विद्याश्रीनं आकारामकाकांच्या घोट्यावर अंगठा दाबून उचलला. खळगा तसाच राहिला.

दोन्ही मूत्रपिंडं थकलेल्या काकांचं परवाच डायलिसिस झालं होतं, तरी अंग पुन्हा सुजलेलं. पाणी मोजून प्यायची ताकीद होती. ते चोरून पितात असं सगळा वॉर्ड म्हणे. तांब्याला कुलूप लावा, असा टोमणाही कुणी मारून जाई. काकांनी जोतिबाची शपथ घेतली, तरी कुणाला पटेना. सूज अशीच राहिली तर आठवड्याला डायलिसिसची तिसरी खेप करावी लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यापेक्षा शाहूवाडीला घरीच पडतो, हे काकांचं उत्तर. घरी पडणं म्हणजे काय, हे विद्याश्री नर्सिंगला येऊन शिकली होती.

दुपारी नर्सिंग शिकवणाऱ्या संयोगिता मॅडमना सांगायचं होतं, या रुग्णाच्या शुश्रूषेत सगळ्यात आधी काय धरायचं. ‘सांगितलेलं ऐकत नाही’ असं तिनं लिहिलं खरं, पण पेन पुढं सरकेना. देवाची शपथ खोटी धरायला तिचं मन धजत नव्हतं.

“तोंड सुकलंय पोरी तुझं,” काकांच्या उशाशी बसलेल्या त्यांच्या बायकोनं, धोंडुकाकूंनी म्हटलं.

सोमवारचा उपास आहे, ती म्हणाली. तसा काकूंनी नवऱ्याचा डबा उघडला. भाचीच्या घरनं करून आणलेली वरीची पेज, उपासाला चालते म्हणत टोपणात ओतून दिली.

पेज अळणी होती, आणि पाण्यासारखी पातळ. विद्याश्रीचा घोट तोंडातच थांबला.

“काकांना किती देता?”

“सकाळी तांब्याभर, सांजला तांब्याभर. पाणी तोडलंय, मग ताकद कुठनं यायची?”

“ही पाण्यात धरत नाही?”

“पेज हाय की ती. पाणी कुठलं?”

म्हणजे काकांची शपथ खरीच होती; विद्याश्रीचा जीव भांड्यात पडला. पातळ ते सगळं पाण्यातच मोजायचं, हे तिनं हळूच समजावलं. काकूंचा हात डब्यावरच राहिला.

“म्हंजे मीच...”

काका उठून बसले. इतके दिवस शपथा घेणारा माणूस खाली बघत म्हणाला, “मॅडमला सांग, म्हातारा चोरून पाणी पीत हुता. हिचं नाव नको.”

“कुणाचंच नाव लिहायचं नसतं, काका.”

तिनं लिहिलेलं खोडलं आणि वर लिहिलं: अंगात साठलेलं पाणी. काकूंना म्हणाली, उद्यापासून वरी घट्ट शिजवा, घासानं खाऊ दे त्यांना.

काकांनी डबा तिच्याकडं सरकवला. “मग ही तूच संपीव. टाकायचं हिच्या जीवावर येतंय.”

काकू हसल्या नाहीत. पदरानं डोळे टिपले, आणि टोपण पुन्हा भरायला घेतलं.