काही अडलं तर

"बाबा, शेपूट बदललं म्हणून मांजराचा ससा होत नाही. फाईलच्या नावाचं शेपूटच तेवढं बदललंत ना परत?"

"बदललं बाई," अण्णा ओशाळल्याचा आव आणत फोनवर म्हणाले. समोर पडद्यावर लाल अक्षरं होती: फाईलचा प्रकार चुकीचा आहे.

वाचनालयाच्या सभासदांच्या याद्या डेटाबेसमध्ये चढवायचं काम अण्णांकडे होतं. शाखांकडून याद्या एक्सेलमध्ये यायच्या आणि डेटाबेसला सीएसव्ही प्रकारचीच फाईल लागायची. एक्सेल उघडायचं, 'सेव्ह ॲज'मध्ये सीएसव्ही निवडायचं, झालं. लेकीने पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच हे अण्णांना समजलं होतं. पण ती दूर नोकरीला गेल्यापासून घरात बोलायला भिंतीच उरल्या होत्या, आणि उगाच फोन करून तिच्या कामात लुडबूड करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. काहीतरी कारण लागायचं. म्हणून दर सोमवारी अण्णा नुसतं फाईलचं नाव बदलायचे आणि वेड पांघरून पेडगावला जायचे. लेक करवादायची, "पालथ्या घड्यावर पाणी" म्हणायची आणि मग शेजारी बसल्यासारखी एकेक पायरी सांगायची. मध्येच विचारायची, जेवलात का, गुडघा काय म्हणतो. अण्णांना तेवढ्यासाठीच तर सोमवार हवा असायचा.

"थांबा, तुमचा हा त्रास कायमचाच संपवते," आज ती म्हणाली. संध्याकाळच्या आत तिने छोटासा प्रोग्रॅम लिहिला आणि तिकडूनच बसवूनही दिला. "आता कशीही फाईल टाका. आपोआप बदलून घेईल. मला विचारायलाच नको."

"हुशार आहेस गं," अण्णा म्हणाले. रडगाणं त्यांनी जरा जास्तच रंगवलं होतं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

पुढच्या सोमवारी त्यांनी एक्सेलची फाईल तशीच टाकली. गेली. नाव बदलून टाकली, तरी गेली. शेवटी चिडून त्यांनी टेबलावरच्या फुलदाणीचा फोटोच टाकला. प्रोग्रॅमने तो निमूटपणे बाजूला ठेवला आणि पुढची यादी मागितली.

अखेर त्यांनी तसाच फोन लावला.

"काय झालं बाबा? अडलं का?"

"नाही गं. मस्त चाललंय."

"मग?"

कारणाशिवाय लेकीशी काय बोलायचं, हे अण्णांना सुचेना. "हेच सांगायचं होतं," ते म्हणाले.

"बरं झालं. मी मीटिंगमध्ये आहे बाबा. काही अडलं तर करा हं."

"हो, हो. तू कर काम."

अण्णांनी फोन कीबोर्डजवळ सरळ करून ठेवला आणि पुढची यादी टाकली. तीही गेली.