क्लोरीनबुवांचं जास्तीचं माप

जलशुद्धीकरण केंद्रावर सासरा ऑपरेटर आणि सून केमिस्ट, म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. सासऱ्यांना सगळे क्लोरीनबुवा म्हणत. नळाला वास आला की पाणी शुद्ध, एवढंच त्यांचं शास्त्र. रोज नेमून दिलेल्या मापावर ते आणखी एक माप स्वतःच्या मनाने टाकत, आणि तेही नदीच्या गढूळ पाण्यात, गाळण्याच्या आधीच.

सुनेने नमुना तपासला, तर ट्रायहॅलोमीथेन मर्यादेच्या वर. कुजक्या पालापाचोळ्याला क्लोरीन भेटलं की हे तयार होतं आणि वर्षानुवर्षं पोटात गेलं तर कॅन्सरचा धोका वाढतो, हे तिने घरी जेवताना समजावलं. बुवांनी त्याचं ट्रायहरामी असं बारसं केलं आणि ते हात धुवायला उठले.

तीन नमुने नापास झाले की बुवांच्या हातून केंद्र जाणार होतं. निवृत्तीला दोनच महिने उरले होते. नमुन्याच्या रिपोर्टावर खोटी सही सुनेला जमणार नव्हती आणि खरी करायला तिचा हात धजत नव्हता.

दुसऱ्या नमुन्याच्या सकाळी पाणी आणखी शुद्ध होऊन सुनेची अब्रू राहील, या हिशेबाने बुवांनी गुपचूप दोन मापं वाढवली. आकडा दीडपट झाला. सुनेने कपाळाला हात लावला.

त्या संध्याकाळी तिने घरात फिनेलची बादली घेतली आणि केर न काढताच, चिखलाच्या पावलांवरून, वाळक्या पानांवरून फडकं फिरवायला लागली. बुवा स्वच्छतेच्या बाबतीत महाकडक. त्यांनी कसाबसा दम धरला आणि मग तोंड उघडलंच.

"अगं, आधी केर काढ. नाहीतर कितीही फिनेल ओत, घाणच होणार."

"बाबा," सून फडकं पिळत म्हणाली, "महिनाभर मी दुसरं काय सांगतेय?"

सासूबाई हसू लपवायला आत गेल्या. बुवा उठले आणि केरसुणी घेऊन आले.

दुसऱ्या दिवसापासून क्लोरीन गाळण्याच्या नंतर पडायला लागलं, तेही मोजून. आठवड्याने तिसरा नमुना पास झाला. जंतूही शून्य. बुवांनी चष्मा लावून आकडा वाचला, पण चेहरा खुलला नाही.

"म्हणजे तीस वर्षं मी लोकांना विष पाजलं?"

सुनेने रिपोर्ट बाजूला ठेवला. "नाही हो बाबा. तुमच्या आधी इथे पटकीने माणसं जायची. तुम्ही क्लोरीन टाकलं नसतं, तर कॅन्सरची काळजी करायच्या वयापर्यंत कोण पोचलं असतं?"

"हे तुझ्या रिपोर्टात कुठे आहे?"

कुठेच नव्हतं. तसा रकानाच नव्हता. तिने शेऱ्यात लिहिलं: तीस वर्षांत पटकीचा एकही रुग्ण नाही.

रिपोर्ट वाचून वरच्या साहेबांनी तिला बोलावून विचारलं, या वाक्याचा चाचणीशी काय संबंध, खोडून टाका.

"खोडा की साहेब," ती म्हणाली, "फक्त माझ्या सहीसकट खोडा."