एंचिलाडाचा चौथा घाणा

तिसऱ्या घाण्याची टॉर्टियाही, म्हणजे ती मेक्सिकन पोळी, तव्यावरच फाटली. कडा सुटल्या, उलथनं खाली गेलं, आणि उचलताना ती मधोमध अशी उसवली की क्रेनवाल्याच्या बायकोने गॅस बंद करून उलथनं ओट्यावर आपटलं.

"फाटली?" नवऱ्याने बाहेरून विचारलं.

"नाही, टाळ्या वाजवतेय."

ती तयार कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस होती. दिवसाला तीनशे शर्ट तिच्या बोटांखालून जायचे आणि निसटलेला एक टाकाही तिच्या नजरेतून सुटत नसे. आज तिने अंडी, किसलेलं चीज, बदामाचं पीठ आणि इसबगोल अगदी ग्रॅममध्ये तोलून घेतलं होतं. मोबाइलवर कृती दाखवणाऱ्या बाईची टॉर्टिया रुमालासारखी दुमडत होती. हिच्या टॉर्टियाचा पायपुसण्याइतकाही भरवसा नव्हता.

हौस म्हणून हा खटाटोप चालला नव्हता. नवरा पोलादाच्या कारखान्यात बावीस वर्षं क्रेन चालवत होता. दोन महिन्यांपूर्वी केबिनमधून उतरताना शिडीवरच त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तपासणीत रक्तातली साखर भलतीच वाढलेली निघाली आणि कारखान्याच्या डॉक्टरांनी त्याला खाली स्टोअरमध्ये बसवलं, नटबोल्ट मोजायला. केबिन परत हवी तर अट एकच होती. सलग चौदा दिवस, दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी, साखर एकशे ऐंशीच्या आत. एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. महिनाअखेरीपर्यंत चौदा भरले नाहीत तर केबिन दुसऱ्या पाळीच्या चालकाला कायमची मिळणार होती. महिना संपायला आठ दिवस उरले होते आणि आजचा दिवस नववा होता.

कॅन्टीनमध्ये दर शनिवारी एंचिलाडा असायचे. सारण भरून गुंडाळलेल्या मक्याच्या टॉर्टिया, वर मिरचीचा लाल सॉस आणि वितळलेलं चीज. काल रात्रीच नवऱ्याने जाहीर केलं होतं, "आठ दिवस पालापाचोळा खाल्ला. उद्या सुट्टी असली तरी मी कॅन्टीनला जाणार."

"कॅन्टीनला जायचं नाही. घरी करते, बिनमक्याचे," ती म्हणाली होती.

सारण झक्कास झालं होतं. लाल मिरच्या भिजवून, लसूण-टोमॅटो घालून वाटलेला सॉसही. अडलं होतं ते गुंडाळण्यापाशी.

"अगं, नाही गुंडाळलं तरी चालेल. पोटात काय उलगडून बघणार आहे कोणी?" नवरा दारात येऊन म्हणाला.

"मग त्याला एंचिलाडा म्हणायचं नाही. अपघात म्हणायचं."

"तुझे डोळे लाल झालेत."

"मिरचीने."

चौथ्या घाण्याचं बदामाचं पीठ, चीज आणि इसबगोल तिने भांड्यात काढून ठेवलं. अंडी संपली होती. तोंडावर पाणी मारून ती शेजारणीकडे गेली. शेजारणीने दोन अंड्यांबरोबर आपल्या वहिनीचं अख्खं बाळंतपण ऐकवलं. परत येऊन तिने अंडी फेटून घातली, तर मिश्रण चांगलं दाट झालं.

"इसबगोल फुगला वाटतं या वेळी."

"असेल," नवरा वर्तमानपत्रामागून म्हणाला.

आणि टॉर्टिया जमली! कडा सुटल्या, अलगद ती उलथन्यावर आली, उलटली, गुंडाळली, उलगडली. एकामागून एक सहा. तिने बहिणीला फोटो पाठवला, ओव्हनमधून निघालेल्या ताटाचा दुसरा पाठवला. नवऱ्याने चार खाल्ले.

"मक्यासारखीच चव आलीय, नाही?" तिने कौतुकाने विचारलं.

नवरा बराच वेळ पाणी प्यायला.

तीन वाजता यंत्राने आकडा दाखवला. दोनशे चौदा.

तिने त्याला हात धुवायला लावून दुसरं बोट टोचलं. दोनशे अकरा.

पुढचा तासभर तिने सगळी शिवण उलटी उसवून पाहिली. चीजचं वेष्टन वाचलं. टोमॅटो किती, कांदा किती, वहीत मांडलं. बदामाच्या पिठात भेसळ असेल म्हणून पाकीट हुंगलं, जिभेवर ठेवलं. शेजारणीला फोन करून अंडी कुठून आणली तेही विचारलं.

"अंड्यात कसली आलीय साखर?" शेजारीण म्हणाली. "बरी आहेस ना?"

तिने वही मिटली. "माझंच चुकलं. तुमची केबिन मी घालवली. उद्यापासून तुमचं तुम्ही शिजवा, माझ्या हाताला यश नाही."

"तुझं नाही चुकलं," नवरा म्हणाला. "तू अंडी आणायला गेलीस ना, तेव्हा मी फळीवरच्या डब्यातलं दोन मुठी मक्याचं पीठ टाकलं."

तिने फळीवरचा डबा काढून झाकण उघडलं.

"अगं, तू रडत होतीस. ते बघवेना. म्हटलं एकदा नीट जमू दे, मी एकच खाईन."

"चार खाल्लेत!"

"जमले होते ना छान."

"मी चीजचं वेष्टन वाचत होते तेव्हा तोंडात काय धरलं होतं? तासभर बघत बसलात!"

"टांगलेला जड माल झोके घ्यायला लागला ना, की त्याच्याशी झगडायचं नसतं, क्रेनच हळूच त्याच्या बाजूला—"

"क्रेनबद्दल एक शब्द नको! कुठली क्रेन? आता आठ दिवसांत चौदा कुठून आणू मी?"

त्याने डॉक्टरांना द्यायच्या साखरेच्या तक्त्यावरून बोट फिरवलं. मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "एकशे बावन्न लिहिलं तर? घरचं यंत्र आहे. कोण बघायला येतंय?"

दोनशे चौदा लिहायचं की दोनशे अकरा, याचाही तिने मनात निकाल लावला होता: पहिला आकडाच खरा. खाली वीस माणसं उभी असतात, आणि वर वितळलेल्या पोलादाची बादली अधांतरी. शिडीवर आली तशी अंधारी तिथे आली तर? तिने तक्ता आणि पेन त्याच्यापुढे सरकवलं.

"दोनशे चौदा. तुमच्या हाताने."

"केबिन जाईल गं."

"गेलीच आहे. घालवताना विचारलं होतंत मला?"

त्याने लिहिलं. अक्षर वाईट होतं, पण आकडा स्वच्छ होता. मग पेन न ठेवता शेऱ्याच्या रकान्यात आणखी काही खरडलं आणि कागद तिच्याकडे फिरवला. 'मक्याचं पीठ मी घातलं. बायकोचा दोष नाही.'

"हे कशाला?" ती भडकली. "डॉक्टरांच्या डोक्यातही नसतं आलं, की दोष माझा असेल! खोडा ते."

"पेनने लिहिलंय."

तिने कागद हिसकावून घेतला, पुन्हा वाचला, आणि खोडला नाही. दोन एंचिलाडा ताटात उरले होते. ते तिने स्वतःपुढे ओढले आणि उभ्या उभ्या, त्याच्याकडे बघत, दोन्ही संपवले.

"संध्याकाळी काय?" रिकामं ताट उचलत त्याने विचारलं.

"अंडी. उकडलेली. आणि ती तुम्ही उकडायची."