तेरवीची वाटी

मित्रांनो, वाटीने वाजावे, बोलू नये, असे आमच्यात मानतात. पण आज बोलते. मी स्टीलची आहे, जुनी आहे, काठाला चेपलेली आहे. रायपूरच्या बूढ़ापारा मोहल्ल्यात वैरागड्यांच्या मागच्या अंगणात, कूलरच्या स्टँडखाली माझा मुक्काम असतो. भल्या घरची वाटी कूलरखाली कशी पोचली, तेच सांगायचे आहे. सांगताना मान खाली घातली असती, पण वाट्यांना मान नसते.

माझा जन्म एका पत्र्याच्या चकतीतून झाला. वरून दाब बसला आणि मी खोलगट झाले. मग गोलबाजारातल्या दुकानात बहिणींसोबत मी चकाकत बसले. वाटायचे, आपल्या नशिबी श्रीखंड असणार. एके दिवशी सुशीलाबाई इखार आल्या. नवरा जाऊन आठवडाही झाला नव्हता. त्यांनी आमची अख्खी पलटण विकत घेतली. दुकानदाराने सुईचे मशीन लावले आणि प्रत्येकीच्या पोटावर नाव टोचले : 'कै. दिवाकर इखार यांच्या स्मरणार्थ'. गुदगुल्या होत होत्या, पण प्रसंग हसण्याचा नव्हता.

विदर्भातून इकडे आलेल्या घरांमध्ये ही रीत आहे. तेरवीला, म्हणजे तेराव्याला, जेवून निघणाऱ्याच्या हातात एक भांडे द्यायचे. तो ते दोन्ही हातांनी घेतो, कपाळाला लावतो आणि घरी जाऊन माळ्यावर टाकतो. गेलेल्या माणसाच्या नावाच्या वाटीत वरण खायला जीव धजत नाही आणि फेकायला हात धजत नाही. असे धजत नसलेले पुष्कळ सामान माळ्यावर असते. मी वैरागड्यांच्या माळ्यावर एका फुटक्या कुकरच्या शेजारी काही वर्षे काढली. कुकर स्वभावाने चांगला होता, पण सारखा जुन्या शिट्ट्यांच्या गोष्टी सांगायचा.

आता माझे मालक श्यामकांत वैरागडे. हे दिवाकररावांचे शेजारी, आणि रेल्वेतले जोडीदारही. श्यामकांतरावांचे काम डब्यांच्या चाकांवर हातोडी मारायचे. चाक खणखणीत वाजले तर गाडी पुढे, बद्द वाजले तर चाकाला तडा. निवृत्त झाल्यावर त्यांनी हीच तपासणी गल्लीतल्या माणसांची सुरू केली. सुशीलाबाई दारात मांजरांना दूधभात ठेवायच्या, तर हे भर गल्लीत त्यांना बोलले, "वहिनी, मांजरायले घालून घालून गल्ली घाण करून राहिल्या तुम्ही." दुसऱ्या दिवसापासून दूधभात बंद झाला.

मग त्यातले एक करडे, म्हातारे मांजर श्यामकांतरावांच्या मागच्या दारी येऊन बसले. नुसते बसले, मागितले काही नाही. तीन दिवस यांनी तोंड फिरवले. चौथ्या दिवशी स्टूल घेऊन माळ्यावर चढले. घरातल्या बाकीच्या वाट्या त्यांच्या बायकोच्या, शेवंताबाईंच्या नजरेत असायच्या. माझी आठवण कोणालाच नव्हती, म्हणून निवड माझी झाली. मला वाटले, खीर असेल.

मांजराचे नाव त्यांनी मालगाडी ठेवले, कारण ती कधीच वेळेवर येत नसे. रोज सकाळ-संध्याकाळ ते इकडेतिकडे बघायचे, माझ्या काठावर चमच्याने दोन ठोके द्यायचे आणि हळूच म्हणायचे, "मालगाडे, लाइन क्लिअर." एकदा मी हातून पडले, काठ चेपला आणि माझा आवाज जगावेगळा झाला. टणऐवजी टणक. मालगाडी त्याच आवाजाला ओळखायची. दूध पिऊन झाले की मी परत कूलरखाली, नाव भिंतीकडे करून. स्मरणार्थ दिलेली वाटी, आणि मी लपून राहत होते. श्यामकांतरावांना माझी लाज वाटायची, मला स्वतःची.

यंदा नवतप्यात ती गोष्ट घडली. मे महिन्याचे ते नऊ तापते दिवस रायपूरमध्ये कसे असतात, ते स्टीलच्या भांड्याला विचारा. संध्याकाळी कुत्रे मागे लागले आणि मालगाडी समोरच्या जांभळावर अगदी शेंड्यापर्यंत चढली. चढली, पण उतरणे विसरली. दुसऱ्या दिवशी ऊन तापले तरी ती तिथेच, आणि ओरडून ओरडून तिचा आवाज बसत चालला होता. खाली गल्ली जमली. श्यामकांतराव मागच्या अंगणात आले, मला चमच्यासकट खिशात घातले आणि तिकडे गेले. खिशातून काढले मात्र नाही.

सुशीलाबाईंच्या शेजारच्या नीलेशने खोडाला शिडी लावली, दोन फांद्या चढला आणि उतरला. "काका, ये डाल नहीं झेलेगी. जामुन है, पट से टूटता है."

"आगवाल्यायले फोन लावला का?" सुशीलाबाईंनी विचारले.

"लगाया ना काकी. गाडी भनपुरी गई है, गोदाम में आग लगी है. शाम तक बोले."

"संध्याकाळपर्यंत ते वाचते का? पाणी नाही पोटात." मग सुशीलाबाईंनी सगळ्यांकडे वळून पाहिले. "हे पाहा, रोज सकाळी इकडून कुठून तरी वाटी वाजते. त्या आवाजावर हे मांजर धावत जाते, मी पाह्यलं आहे. कोणाची आहे ती वाटी? आणा न."

श्यामकांतरावांनी वर पाहिले, जणू वाटी झाडावर असावी. मी त्यांच्या खिशात होते, मित्रांनो. मग ते वळले आणि सरळ घरात येऊन पंख्याखाली बसले.

शेवंताबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मिळाली का वाटी?"

"कोणती वाटी?"

"ज्याच्यानं तुमचा खिसा फुगला आहे ते."

यांनी खिशावर हात ठेवला. मग म्हणाले, "दिवाकरच्या तेरवीची आहे ते. वहिनी समोर उभ्या आहे. काय तोंड दाखवू?"

"नका दाखवू. बसा. लाज सांभाळा, मांजर जाऊ द्या."

शेवंताबाईंनी आणखी एक खडा बाजूला काढला. श्यामकांतराव उठले.

जांभळाखाली जाऊन त्यांनी मला बाहेर काढले, पण नाव झाकायला तळहात माझ्या पोटाभोवती घट्ट गुंडाळला. चमचा मारला. बद्द. पुन्हा मारला. बद्द. मुठीत धरलेली वाटी वाजत नाही, हे चाके वाजवून केस पांढरे झालेल्या माणसाला कोणी सांगायला नको होते. वर मालगाडीने कानसुद्धा हलवला नाही. तिचे डोळे मिटत होते.

"भाऊजी, सैल धरा न," सुशीलाबाई म्हणाल्या. "असं कसं वाजन?"

त्यांनी एकदा वर पाहिले, एकदा सुशीलाबाईंकडे. आणि मूठ उघडली. पाच बोटांच्या टोकांवर मला तोलून धरले. पोटावरचे नाव भर उन्हात सगळ्यांसमोर आले. मी लाजेने तापले, असे म्हणेन, ऊनही होतेच.

टणक. टणक.

"मालगाडे," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला, "लाइन क्लिअर."

मालगाडीने डोळे उघडले. मग शेपटीकडून, उलटी, नखे रुतवत ती निघाली. एकदा पाय घसरला, तेव्हा सगळ्या गल्लीने श्वास रोखला. हे मात्र ठोके देत राहिले. शिडीपर्यंत आली, शिडीवरून धपकन खाली. नेहमीप्रमाणे उशिरा, पण आली. शेवंताबाई दूध घेऊन मागेच उभ्या होत्या. मला जमिनीवर ठेवले, दूध ओतले आणि मालगाडीने तोंड घातले.

सुशीलाबाई वाकल्या. माझ्या पोटावरून बोट फिरवत त्यांनी नाव वाचले.

"ह्यांच्या वाट्या मी घरोघरी दिल्या," त्या म्हणाल्या. "कोणाकडे चहाले गेली की नजर आपोआप भांड्यायकडे जाते. आजवर एक दिसली नाही. हे पहिली." मग विचारले, "रोज वापरता, भाऊजी?"

"हव, वहिनी."

"दोन टाइम?"

"दोन टाइम."

"म्हणजे ह्यांच्या नावानं कोणीतरी रोज जेवते."

पदराने त्यांनी माझा काठ पुसला. श्यामकांतराव जमिनीकडे पाहत म्हणाले, "मी तुम्हाले बोललो होतो न मागं."

"बोलले होते."

"मग?"

"मग काय? संध्याकाळचं दूध माझ्याकडून."

आता गल्लीत खाली पाहणारे श्यामकांतराव एकटे नव्हते. नीलेश चपलेचा अंगठा तपासत होता. बाकीच्यांना अचानक घरची कामे आठवली. माझ्या बहिणी कोणाच्या माळ्यावर आहेत, ते ज्याचे त्याला ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी नीलेशच्या खिडकीत एक दिसली, पोहे भरलेली. तिच्यावर दुकानाचा कागद अजून चिकटलेला होता आणि नाव अगदी कोरे करकरीत होते.

माझे तसे नाही. घासून घासून आणि चाटून चाटून माझ्या पोटावरची अक्षरे पुसट होत चालली आहेत. 'कै.' तर गेलेच, नुसते दिवाकर उरले आहे. श्यामकांतराव म्हणाले, पुन्हा टोचून आणतो. सुशीलाबाई म्हणाल्या, राहू द्या.

मित्रांनो, तुमच्या माळ्यावरही कोणाच्या नावाची एखादी वाटी असेल. तिला खाली काढा. तिच्यात काय वाढायचे, ते तुम्ही ठरवा. आम्हा वाट्यांना आवडनिवड नसते. मी आता कूलरखाली नाव भिंतीकडे करून बसत नाही. उठते आता. संध्याकाळ झाली आहे, आणि आज गाडी वेळेवर दिसते आहे.